वाचकांचे प्रश्न : मॉडेल, कंट्रोलर आणि हिशोबपट्टीतला एक रुपया

प्रश्न : मी नाशिकच्या अंबड भागातील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. कांदा व्यापाऱ्यांसाठी आम्ही लारावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये एक वेब अ‍ॅप्लिकेशन तयार केले आहे. लिलावातील सौद्याची नोंद, भुईकाट्यावरचे वजन, शेतकऱ्याची हिशोबपट्टी आणि तिचे पेमेंट हे सर्व त्यातून होते. पट्टीचा कंट्रोलर, म्हणजे ब्राउझरची विनंती घेऊन उत्तर पाठवणारा कोड, चौदाशे ओळींवर गेला, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सल्ल्याने आम्ही बहुतेक कोड मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसमधील टेबलाशी जोडलेल्या क्लासमध्ये, हलवला. आता मॉडेल तेवढेच मोठे झाले असून कोणती ओळ कोठे सापडेल हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय स्क्रीनवरची रक्कम आणि छापील पट्टीवरची रक्कम यांत अधूनमधून एका रुपयाचा फरक येतो. कोणता कोड कोठे ठेवावा, याचा काही निकष आहे का?
– एक वाचक, अंबड

उत्तर : आपल्या पत्रातील एका रुपयापासून सुरुवात करतो, कारण आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्यातच दडलेले आहे. उदाहरणापुरते असे धरू की, एका ट्रॉलीतील कांद्याचे निव्वळ वजन २३.२० क्विंटल भरले आणि भाव क्विंटलला १,८५० रुपये निघाला. मालाची किंमत ४२,९२० रुपये झाली. हमाली क्विंटलला ५.५० रुपये आणि तोलाई २.४० रुपये धरली, तर हमाली १२७.६० आणि तोलाई ५५.६८ रुपये होते. एका ठिकाणी प्रत्येक वजावट वेगवेगळी पूर्ण रुपयांत आणली, तर १२८ आणि ५६ मिळून १८४ रुपये वजा होतात आणि शेतकऱ्याच्या हाती ४२,७३६ रुपये पडतात. दुसऱ्या ठिकाणी आधी बेरीज करून मग पूर्णांक काढला, तर १८३.२८ चे १८३ होतात आणि रक्कम ४२,७३७ रुपये येते. गणिताच्या दृष्टीने दोन्ही पद्धती चालण्यासारख्या आहेत. मात्र एकाच अ‍ॅप्लिकेशनमध्ये दोन्ही असणे हा दोष आहे. स्क्रीन दाखवणाऱ्या कंट्रोलरमध्ये एका सहकाऱ्याने आणि पीडीएफ तयार करणाऱ्या कंट्रोलरमध्ये दुसऱ्याने हाच हिशोब आपापल्या परीने लिहिला असावा, असा माझा अंदाज आहे. रुपया किरकोळ असला, तरी पट्टी हातात घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या मनात तेवढ्या फरकाने शंका निर्माण होते आणि ती शंका रास्त असते.

यावरून निकष असा निघतो : ब्राउझर, यूआरएल, फॉर्म आणि सेशन यांपैकी काहीही नसते तरीही जो नियम लागू राहिला असता, तो कंट्रोलरमध्ये असू नये. निव्वळ वजन म्हणजे भरलेल्या वाहनाचे वजन वजा रिकाम्या वाहनाचे वजन, हा नियम वेबमुळे जन्माला आलेला नाही. वजावटी कोणत्या क्रमाने आणि कोठे पूर्ण रुपयांत आणायच्या, हाही व्यवहाराचाच नियम आहे. उद्या हीच पट्टी मोबाइल अ‍ॅपवरून काढायची ठरली, किंवा रात्री आपोआप चालणाऱ्या कामातून दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा तपासायच्या ठरल्या, तर हे नियम जसेच्या तसे हवे असतात. याउलट, चुकीची माहिती भरल्यास फॉर्म पुन्हा दाखवावा की ४२२ हा त्रुटी-कोड परत द्यावा, हा प्रश्न केवळ वेबचा आहे आणि तो कंट्रोलरनेच सोडवावा. आलेली विनंती समजून घेणे, विनंती करणाऱ्याला तो अधिकार आहे की नाही हे विचारणे, मजकुराच्या रूपात आलेले आकडे योग्य प्रकारात आणणे, एका कामाला हाक मारणे आणि मिळालेल्या उत्तराला पान, जेसन किंवा रीडायरेक्ट यांपैकी योग्य ते रूप देणे, एवढे कंट्रोलरने नेटके केले की त्याचे काम संपते.

आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याचा सल्ला चुकीचा नव्हता, पण तो अर्ध्यावर थांबला. ‘कंट्रोलर बारीक, मॉडेल भरदार’ हा मंत्र २००६ च्या सुमारास रूबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या वर्तुळात रूढ झाला आणि पुढे पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्येही आला. त्या काळी कंट्रोलरमध्ये थेट डेटाबेसच्या क्वेरी लिहिण्याची सवय इतकी पसरली होती की, हा मंत्र सांगणे गरजेचेच होते. अडचण झाली ती ‘मॉडेल’ म्हणजे ‘टेबलाशी जोडलेला क्लास’ असे समीकरण बनल्यामुळे. नॉर्वेचे संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रेन्सकॉग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेसाठी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही मांडणी सुचवली, तेव्हा वेब अस्तित्वातच नव्हते आणि मॉडेलचा टेबलाशी कसलाही संबंध नव्हता. वापरकर्त्याच्या डोक्यात त्या विषयाचे जे ज्ञान असते, ते संगणकात ज्या भागात उतरवायचे तो भाग म्हणजे मॉडेल, अशी ती मूळ कल्पना होती. लारावेलमधील एलोक्वेंट किंवा रेल्समधील अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड टेबलातील एक ओळ आणि तिचे वर्तन एकाच क्लासमध्ये आणतात. ही सोय मोठी आहे, पण त्यामुळे टेबल नसलेल्या गोष्टीला क्लास असूच शकत नाही, असा समज नकळत तयार होतो.

आपल्या पट्टीचा हिशोब ही नेमकी अशी टेबल नसलेली गोष्ट आहे. वजन, भाव आणि वजावटींचे दर दिले की एकूण किंमत, प्रत्येक वजावट आणि देय रक्कम परत देणारा ‘पट्टी-हिशोब’ नावाचा एक साधा क्लास तयार करावा. त्याने एलोक्वेंटचा वारसा घेऊ नये, डेटाबेसला हात लावू नये आणि विनंतीचा ऑब्जेक्ट त्याच्यापर्यंत पोहोचूही नये. रकमा त्यात फ्लोट या दशांश अपूर्णांकांच्या प्रकारात न ठेवता, रुपयांचे पैसे करून पूर्णांकांत किंवा डेसिमल प्रकारात ठेवाव्यात. संगणकातील दशांश अपूर्णांकांच्या साठवणीमुळे होणारी घसर हे एका रुपयाच्या फरकाचे दुसरे संभाव्य कारण असते आणि ते पहिल्यापेक्षा सापडायला अवघड असते. स्क्रीन, पीडीएफ आणि एसएमएस या तिघांनी याच क्लासला विचारायचे. तो डेटाबेसशिवाय चालत असल्याने त्याच्या शेकडो टेस्ट काही सेकंदांत चालतात, आणि वर दिलेले २३.२० क्विंटलचे उदाहरण त्यातील पहिली टेस्ट म्हणून लिहिता येईल.

आता ‘पट्टी’ या एलोक्वेंट मॉडेलमध्ये काय उरते ते पाहू. ज्या प्रश्नाचे उत्तर त्या एका पट्टीजवळील माहितीवरून देता येते, तो प्रश्न तिलाच विचारावा. माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली करताना वांधा (वाद) पडला आणि भाव कमी करण्यावर तडजोड झाली, तर पट्टीत बदल करावा लागतो. मात्र पट्टी अंतिम होऊन पैसे दिले गेल्यावर तो करता येता कामा नये. ‘या पट्टीत बदल करता येईल का’ या अर्थाचे फंक्शन पट्टीच्या मॉडेलमध्येच शोभते. आज आपल्या कोडमध्ये स्थितीच्या रकान्यात अमुक शब्द आहे का, अशी तुलना सात-आठ ठिकाणी विखुरलेली असेल, तर ती शोधून या एका फंक्शनने बदलणे हा सर्वांत कमी श्रमाचा आणि सर्वांत जास्त लाभाचा बदल ठरेल. त्याचप्रमाणे ‘या हंगामातील पैसे बाकी असलेल्या पट्ट्या’ यांसारख्या वारंवार लागणाऱ्या क्वेरींना मॉडेलमध्ये नाव देऊन ठेवावे, म्हणजे कंट्रोलरमध्ये अटींची माळ लिहावी लागत नाही.

तिसरा भाग एका मॉडेलच्या आवाक्यापलीकडच्या कामांचा आहे. पट्टी अंतिम करताना तिची ओळ लॉक करायची, वजन आणि सौदा जुळतात का ते पाहायचे, हिशोब करायचा, शेतकऱ्याच्या खात्यात रक्कम जमा दाखवायची, खळ्यावरच्या साठ्यात माल वाढवायचा आणि शेवटी शेतकऱ्याला कळवायचे. हे काम पट्टीचे की खात्याचे, या वादात वेळ घालवू नये. कामाच्या नावानेच एक क्लास करावा, त्यात एकच सार्वजनिक फंक्शन ठेवावे आणि डेटाबेसमधील सर्व बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळे होतील किंवा एकही होणार नाही अशा गटात) गुंडाळावेत, म्हणजे मध्येच वीज गेली तरी खात्यात रक्कम आहे पण साठ्यात माल नाही, असे कधी होणार नाही. लारावेलच्या नव्या प्रकल्पात अशा क्लासांसाठी तयार फोल्डर नसते. ते आपण करायचे असते, आणि ‘सर्व्हिस’ म्हणा की ‘अ‍ॅक्शन’, संपूर्ण टीमने एकच नाव वापरले म्हणजे झाले.

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते, कारण वाचून उत्साहित झालेले अनेक जण पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या टोकाला जातात. शेतकरी-सर्व्हिस, गाव-सर्व्हिस, वाहन-सर्व्हिस अशी प्रत्येक मॉडेलमागे एक सर्व्हिस काढून तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनने फक्त मॉडेलच्या सेव्हला हाक मारायची, याने कोड वाढतो आणि अर्थ मात्र वाढत नाही. गावांची यादी दाखवणाऱ्या पानासाठी कंट्रोलरमधून मॉडेलला थेट विचारणे पूर्णपणे योग्य आहे. सगळे नियम सर्व्हिसमध्ये गेले आणि मॉडेल म्हणजे नुसती रकान्यांची पिशवी उरली, तर पट्टीत बदल करता येईल का हा प्रश्न पुन्हा चार सर्व्हिसमध्ये चार प्रकारे विचारला जाऊ लागतो, म्हणजे आपण निघालो तेथेच परत येतो.

कंट्रोलरची लांबी कमी करण्याचा आणखी एक उपाय आहे आणि तो सहसा कोणी सुचवत नाही. लारावेलच्या रिसोर्स कंट्रोलरमध्ये यादी, नवा फॉर्म, साठवण, दर्शन, संपादन फॉर्म, बदल आणि काढून टाकणे अशा सात क्रिया असतात. आपल्या पट्टीच्या कंट्रोलरमध्ये यांखेरीज अंतिम करणे, वांधा नोंदवणे, छपाई अशा क्रिया भर घातल्यासारख्या जमल्या असतील. वांधा ही स्वतंत्र नोंद मानून तिचा वेगळा कंट्रोलर केला, तर नोंदवणे म्हणजे वांध्याची ‘साठवण’ ठरते आणि राउट (कोणता यूआरएल कोणत्या क्रियेकडे जातो याची यादी) वाचणाऱ्यालाही ती सहज समजते.

प्रश्न : बाजार समितीशी संबंधित एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये नवा सौदा साठवला की शेतकऱ्याला एसएमएस जावा, यासाठी आम्ही मॉडेलच्या ‘क्रिएटेड’ या, नवी ओळ साठवली की आपोआप चालणाऱ्या इव्हेंटचा उपयोग केला. कोड सुटसुटीत दिसत होता. नंतर मागील वर्षाचा डेटा आयात केला, तेव्हा जुन्या सौद्यांचे एसएमएस शेतकऱ्यांना जाऊ लागले आणि दिवसभर फोन वाजत राहिले. कोड मॉडेलमध्ये ठेवूनही असे का झाले?
– एक वाचक, निफाड

उत्तर : मॉडेलच्या इव्हेंटला ओळ साठवली गेली एवढेच कळते, ती का साठवली गेली, हे कळत नाही. आज लिलावात झालेला सौदा, जुन्या वहीवरून आयात केलेला सौदा आणि टेस्टसाठी तयार केलेला सौदा या तिन्हींत डेटाबेसच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. फरक हेतूत असतो आणि हेतू माहीत असलेली जागा म्हणजे ‘सौदा नोंदवा’ हे काम करणारा क्लास. एसएमएसची हाक तेथे असावी. आयातीचे काम त्या क्लासला न बोलावता मॉडेलवरून नोंदी करील आणि कोणाचाही फोन वाजणार नाही.

या यंत्रणेची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. एलोक्वेंटमध्ये क्वेरीद्वारे एकदम अनेक ओळी बदलल्या, तर मॉडेलचे सेव्ह किंवा अपडेटचे इव्हेंट चालतच नाहीत, कारण त्या ओळी मॉडेलच्या रूपात मेमरीत आणल्याच जात नाहीत. पायथनच्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये क्वेरीसेटवरील अपडेट आणि रेल्समधील अपडेट-ऑल यांचेही तसेच आहे. म्हणजे इव्हेंटवर भिस्त ठेवली, तर नको तेथे एसएमएस जातो आणि हवा तेथे जात नाही. नावातील अनावश्यक स्पेस काढणे, मोबाइल क्रमांक एकाच पद्धतीने साठवणे अशी त्या ओळीपुरती कामे इव्हेंटमध्ये चालतात. बाहेरच्या जगाला जाणवणारी कामे तेथे ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एसएमएसची हाक ट्रान्झॅक्शनच्या आत मारली असेल, तर आणखी एक धोका राहतो : संदेश निघून जातो आणि त्यानंतर ट्रान्झॅक्शन रद्द होते, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात अशा सौद्याचा संदेश असतो जो नोंदीत नाहीच. ट्रान्झॅक्शन पक्के झाल्यावरच काम रांगेत टाकण्याची सोय लारावेल, जँगो आणि रेल्स या तिघांतही आहे. तिचा उपयोग करावा.

प्रश्न : मी गंगापूर रोड परिसरात राहणारी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी जँगो वापरते आहे. मॉडेल आणि कंट्रोलर यांची विभागणी करा असे मार्गदर्शक सांगतात, पण जँगोमध्ये कंट्रोलर नावाची गोष्टच नाही. तसेच वजन शून्यापेक्षा जास्त असले पाहिजे, यासारखी तपासणी फॉर्ममध्ये लिहावी की मॉडेलमध्ये?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : इतर फ्रेमवर्क ज्याला कंट्रोलर म्हणतात, त्याचे बरेचसे काम जँगोमध्ये ‘व्ह्यू’ नावाचे फंक्शन किंवा क्लास करतो, आणि इतरांचा व्ह्यू म्हणजे जँगोचे टेम्प्लेट. त्यामुळे मार्गदर्शकांचे सांगणे आपण ‘व्ह्यूच्या फाइलमध्ये व्यवहाराचे नियम लिहू नका’ असे समजून घ्यावे. मागील उत्तरांत कंट्रोलरविषयी जे म्हटले आहे, ते जँगोच्या व्ह्यूला तसेच लागू आहे.

तपासणीबाबत मात्र फ्रेमवर्कनुसार उत्तर बदलते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रेल्समध्ये मॉडेलवर लिहिलेली तपासणी सेव्ह करताना आपोआप चालते. एलोक्वेंटमध्ये मॉडेलची अशी तपासणी नसते. लारावेल ती विनंतीच्या पातळीवर, फॉर्म रिक्वेस्टमध्ये करते. जँगो मधल्या मार्गावर आहे : मॉडेलच्या फील्डवर व्हॅलिडेटर (तपासणीचे नियम) लिहिता येतात, मॉडेलवरून बनवलेला मॉडेलफॉर्म ते चालवतो, पण थेट सेव्हला हाक मारली तर ते चालत नाहीत. मॉडेलमध्ये व्हॅलिडेटर लिहिला म्हणजे वजन कधीच ऋण होणार नाही, असे समजून अनेक विद्यार्थी फसतात आणि शेलमधून किंवा स्क्रिप्टमधून भरलेला ऋण वजनाचा आकडा टेबलात निवांत बसून राहतो.

आपल्या प्रश्नापुरते सांगायचे, तर वजन शून्यापेक्षा जास्त असणे हे कधीही मोडू नये असे बंधन आहे, म्हणून ते डेटाबेसवर लावावे. जँगोमध्ये त्यासाठी २.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, चेक कन्स्ट्रेंटची सोय आहे. हीच तपासणी फॉर्ममध्येही ठेवावी, कारण डेटाबेसने दिलेली त्रुटी वापरकर्त्याला समजेल अशी नसते आणि ‘रिकाम्या वाहनाचे वजन भरलेल्या वाहनापेक्षा जास्त आहे’ असे मराठीत सांगणे हे फॉर्मचे काम आहे. पट्टी क्रमांकाच्या एकमेवतेसाठी तर डेटाबेसवरील युनिक बंधनाला पर्यायच नाही. हे बंधन नसताना दोन खिडक्यांवरील दोन कारकुनांनी एकाच क्षणी बटण दाबले, तर दोघांच्याही कोडला ‘हा क्रमांक अजून नाही’ असेच उत्तर मिळते आणि दोन्ही नोंदी साठवल्या जातात.

प्रश्न : सातपूरला माझा जॉबवर्कचा लहान कारखाना आहे. चलन आणि बिलांसाठी एका तरुणाकडून वेब अ‍ॅप्लिकेशन करून घेतले. ‘कंट्रोलरमधील कोड नीट लावायचा आहे’ असे सांगून तो आता दोन आठवड्यांचे पैसे मागतो आहे. वापरणाऱ्याला काहीच बदल दिसणार नाही, असेही तो सांगतो. पैसे द्यावेत का?
– एक कारखानदार

उत्तर : बदल दिसणार नाही, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले ही चांगली गोष्ट आहे. सर्व कोड नव्याने लिहिण्याची परवानगी मात्र देऊ नका. मागील वर्षभरातील बिलांपैकी ज्यांवर ग्राहकांनी हरकत घेतली होती, ज्यांत दर मध्येच बदलला होता किंवा माल परत आला होता, अशी चाळीस-पन्नास बिले आपण स्वतः निवडून त्याला द्या आणि त्यांचे आकडे आधी टेस्टच्या रूपात लिहायला सांगा. त्यानंतर त्याने फक्त बिलाचा हिशोब कंट्रोलरमधून बाहेर काढून एका जागी आणावा आणि बाकीचा कोड पुढे जेव्हा एखादा नवा बदल हवा असेल, तेव्हा त्या निमित्ताने सुधारावा. मार्चअखेरच्या धावपळीत हे काम मुळीच सुरू करू नये. एका आठवड्याचे पैसे द्या आणि आठवडा संपल्यावर त्याला एवढेच विचारा की, एखाद्या कामाचा जॉबवर्कचा दर काढण्याची पद्धत बदलली, तर आता किती फायली उघडाव्या लागतील. उत्तर एक असे आले आणि निवडलेली सर्व बिले जुन्या आकड्यांशी जुळत असतील, तर दुसऱ्या आठवड्याचे पैसे द्यायला हरकत नाही.